मुक्या गल्लीतले चौतीस पोपट

हे तुम्हाला खरं वाटणार नाय, हे मी आधीच सांगून ठेवतो. आजवर सात जणांना सांगितलं. पाच हसले, एक मधूनच उठून गेला आणि सातव्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तरी सांगतो. खरं बोलायला लाज कसली?

सखाराम, तू वरच्या पायरीवर बस. वाळूजला एका खात्यात, एका मशीनवर आपण एकवीस वर्षं घासली, तेव्हा तुझा मान पहिला. बाकीच्यांनी जागा मिळंल तिथं टेका. आणि आमची लक्ष्मीबाई दारात बाजरी निवडत बसलीय, तिकडं कुणी बघू नका. तिला ही गोष्ट मी कधी सांगितली नाय, कारण ती स्वतः गोष्टीत आहे. गोष्टीतल्या माणसाला गोष्ट सांगू नये. मधी मधी दुरुस्त्या करतंय.

"सांगा सांगा," लक्ष्मीबाई म्हणाली. "मी काय कान उघडे ठेवलेत व्हय?"

बघा. सुरू झालं.

तर माझ्याकडं एक राघू होता. जालना रोड रुंद करताना एक जुनी चिंच पाडली, तिच्या ढोलीतून तो रस्त्यावर पडला. अंगावर पीस नव्हतं, डोळे मिटलेले, नुसता गोळा. मी डब्यात घालून घरी आणला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ चावून चावून त्याला भरवली. पुढं अकरा वर्षं तो आमच्या ओसरीत राहिला. मी कंपनीतून परत आलो की फाटकाची कडी वाजायच्या आधी आतून हाक यायची, "आला का रं, सांडू?" आवाज लक्ष्मीबाईचा उचललेला होता, पण त्यातली माया त्याची स्वतःची होती.

"आगं बया," लक्ष्मीबाई म्हणाली. तेवढंच.

तो राघू माझ्याच तोंडानं गेला. रिटायर झाल्यावर मी बायपासच्या चहाच्या टपरीवर बसायचो. एक दिवस राघूची तारीफ निघाली. मी म्हणालो, माझा राघू सतरापर्यंत पाढे म्हणतो. कुणीतरी हसलं, म्हणून मी एकोणीसपर्यंत नेलं. मग म्हणालो, सुपरवायजर लांबून येताना दिसला की त्याचं नाव घेऊन शिवी देतो. टपरीत एक तरणा माणूस बसला होता, साध्या कपड्यात. तो एवढं मन लावून ऐकत होता की मला भरून आलं. त्यानं पत्ता विचारला, मी घराच्या रंगासकट सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस खाकी घालून दारात. विश्वजित नाव, वनखात्यातला वनरक्षक.

"काका, पाढे म्हणणारा कुठंय?"

"साहेब, पाढे नाय म्हणत. मी थाप मारली."

"पण पोपट आहे ना?"

मी तोंड उघडायच्या आत आतून हाक आली, "आला का रं, सांडू?"

विश्वजितनं टोपी काढली, कपाळ पुसलं. म्हणाला, "काका, देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे. तुमच्या वयाकडं बघून केस करत नाही. पण पोपट न्यावा लागंल."

पिंजरा उचलून तो चालू लागला. राघू जाळीला चोच लावून माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असंल, सांडू आता थाप मारून मला सोडवंल. आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाय.

सखाराम म्हणाला, "नेला कुठं मग?"

तेच तर सांगतोय. लांब नेला नाय. आमच्याच गल्लीच्या टोकाला! तेव्हा इथं एवढी घरं नव्हती. बायपासच्या अलीकडं शहर, पलीकडं बाजरीची वावरं, आणि वावरात चुन्याच्या रेघा मारून पाडलेले प्लॉट. त्यातल्या शेवटच्या प्लॉटवर शहरातल्या काही पक्षीवेड्या लोकांनी जाळीचा मोठा पिंजरा बांधला होता. साठ फूट लांब. पकडलेले, जप्त केलेले पोपट तिथं आणायचे, त्यांना रानात जगायला शिकवायचं आणि सोडून द्यायचं. तीस पोपट एका विकणाऱ्याकडून धरलेले, चार घरगुती. त्या चारात माझा एक.

मी लगेच तिथं गेलो. तिथली मुख्य म्हणजे डॉक्टरीणबाई, मृण्मयी नाव, जनावरांची डॉक्टर. अंगानं काडी, पण नजर अशी की म्हैस उठून उभी राहावी.

"मॅडम, मला कामाला ठेवा."

"तुमचा पोपट इथं आहे म्हणून?"

"व्हय."

"खरं बोललात म्हणून ठेवते," ती म्हणाली. "पण अट एकच. पिंजऱ्याजवळ एक शब्दही बोलायचा नाही. पोपटांनी माणसाचं बोलणं विसरलं पाहिजे. माणसाशी सलगी ठेवणारा पोपट रानातून पुन्हा माणसाच्याच खांद्यावर येऊन बसतो आणि पुन्हा विकला जातो."

सखाराम, तू हसू नको. मला बोलायला बंदी म्हणजे माशाला पोहायला बंदी. पण मी मान हलवली, कारण माझा बेत ठरला होता. तो आत्ताच सांगतो, नंतर म्हणाल लपवलं. पोपट रानात सोडायच्या दिवशी गर्दी होणार, फडफड होणार, तेवढ्यात माझा राघू पिशवीत घालायचा आणि घरी. चौतीसातला एक कमी झाला तर कोण मोजतंय?

आता घरातल्या पोपटाला काय येतं ते ऐका. काहीच येत नाय. पंख कापलेले, ते झडून नवे यायला सहा-आठ महिने लागतात. तोवर पिंजऱ्याच्या दोन टोकांना फांद्या बांधायच्या, आधी जवळ, मग लांब, म्हणजे उडायची सवय लागती. आम्ही फांद्या बांधल्या. पोपट या फांदीवरून खाली उतरले आणि पायी चालत त्या फांदीवर गेले. रांगेनं! रेशनच्या दुकानात जातात तसे. मी उंबराची फळं आणून टाकली, तर सरकारी कागद आल्यासारखे लांबूनच बघत बसले. त्यांना पाहिजे होतं चहात बुडवलेलं बिस्कीट. निंबोळी म्हणजे काय हे शिकवायला मला स्वतः त्यांच्यासमोर पंधरा दिवस निंबोळ्या खाव्या लागल्या.

"दोन दिवस," लक्ष्मीबाई सुपातनं मान न काढता म्हणाली. "आन् तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं."

बरं, दोन दिवस. पण मनापासून.

आणि त्यांना भीती शिकवायची होती. माणसाची भीती. म्हणून आत जाताना मी तोंडावरून गुडघ्यापर्यंत गोणपाट घालायचो, डोळ्याला दोन भोकं, हातात पत्र्याचा डबा. डबा बडवत आत शिरायचं, दाणापाणी ठेवायचं, डबा बडवत बाहेर. ज्यांचा जीव माणसात रमलाय त्यांच्या मनात माणसाबद्दल दहशत बसवायची. अकरा वर्षं ज्याला मी घास भरवला, त्याच्यासमोर मी रोज भूत होऊन नाचायचो. पण तो वस्ताद! मी गोणपाटात असो नायतर पोलादात, फांदीवरून मान वाकडी करून म्हणायचा, "आला का रं, सांडू?"

मला कळंना, हसू का रडू. तो बोलला की बरं वाटायचं, आणि बोलला की वाईट वाटायचं, कारण बोलतोय तोवर त्याला सोडत नव्हते. मग वाटायचं, सोडत नाहीत तेच बरं, रोज भेट तर होती. मग वाटायचं, पण सोडल्याबिगर माझी पिशवी कशी भरणार? असा माझ्या डोक्याचा सगळा गुंता झाला.

बाकी तीन घरगुतींचंही ऐका. एक प्रेशर कुकरच्या शिट्ट्या द्यायचा. बरोबर तीन, मग थांबायचा. दुसरा मोबाइलसारखा वाजायचा, आणि डॉक्टरीणबाई दर वेळी खिशात हात घालायची. तिसरा म्हातारीसारखा खोकायचा. मांजराची भीती बसावी म्हणून आम्ही पिंजऱ्याबाहेर एक बोका बांधला. तर खोकणारा पोपट म्हातारीच्या आवाजात ओरडला, "हाड मेल्या, दूध सांडलंस!" बोका दोरी तोडून पळाला, तो आजपावेतो गल्लीत दिसलेला नाय.

हे सगळं चाललं होतं त्या साली दुष्काळाचा तिसरा उन्हाळा होता. सात-सातशे फूट खाली जाऊन बोअर कोरडे. आमच्या गल्लीला नळ नव्हताच. शहर बायपास ओलांडून आलं होतं, पण पाइपलाइन शहराच्या बाजूलाच थांबली होती. चौथ्या दिवशी टँकर यायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, वेळ नाय काळ नाय. गल्लीच्या कोपऱ्यावर कडूबाई राहायची. तिचा आवाज असा, की तिनं पुंडलिकनगरला हाक मारली तर वाळूजचा माणूस ओ द्यायचा. टँकर वळणावर दिसला की ती छातीवर हात ठेवून बोंबलायची, "टँकर आला वोऽऽ! पळाऽऽ!" आणि सगळी गल्ली ड्रम, हंडे, बादल्या, कुकरची भांडी, जे हाताला लागंल ते घेऊन धावायची.

आता पुढं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलंच असंल.

एका गुरुवारी, टँकरचा दिवस नसताना, हाक आली. "टँकर आला वोऽऽ! पळाऽऽ!" गल्ली धावली. वळणावर टँकर नाय. सगळे कडूबाईकडं बघायला लागले. कडूबाई ओट्यावर भाकरी थापत होती, हाताला पीठ. ती म्हणाली, "मी कुठं काय बोलले?" बाया म्हणाल्या, "मग काय भिंत बोलली?" त्यावरून भांडण झालं, ते संध्याकाळपर्यंत पुरलं.

मला मात्र पहिल्या शब्दालाच कळलं होतं. तो आवाज कडूबाईचा होता, पण "पळा" म्हणायची लकब आमच्या राघूची. मी पिंजऱ्याकडं पळालो. राघू तिसऱ्या फांदीवर बसून छाती फुगवून बघत होता. आणि त्याच्या शेजारी ते विकणाऱ्याचे तीस पोपट, ज्यांना आजवर एक शब्द येत नव्हता, ते मान तिरपी करून त्याच्या चोचीकडं बघत होते. शाळेतच जणू!

आठवड्यात चौतीसच्या चौतीस पोपट टँकर बोलवायला लागले. सकाळी सहाला, दुपारी दोनला, आंघोळीच्या वेळी, जेवणाच्या वेळी. एकानं "टँकर आला" म्हणायचं, दुसऱ्यानं "पळा" म्हणायचं, आणि तिसऱ्यानं लगेच टँकरचा हॉर्न वाजवायचा. लोक पळून पळून हैराण. एका पाहुण्याला दिवसात पाच वेळा हंडा घेऊन पळावं लागलं, तो सहाव्या वेळी तसाच पुढं पळत बसस्टँडवर गेला आणि गंगापूरच्या गाडीत बसला. हंडा आमचा होता.

आणि मग व्हायचं तेच झालं. एक दिवस खरा टँकर आला. कडूबाईनं बेंबीच्या देठापासून हाक मारली. कुणी उठलं नाय. घराघरातून आवाज आला, "गप रे पाखरा!" ड्रायव्हरनं दहा मिनिटं वाट बघितली, हॉर्न वाजवला. लोक म्हणाले, हॉर्न तर लईच हुबेहूब शिकला. टँकर भरलेला परत गेला.

पुढचे दोन दिवस गल्लीत तोंड धुवायला पाणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या बाया रिकामे हंडे घेऊन पिंजऱ्यावर चालून आल्या. पुढं कडूबाई.

"सांडू, दार उघड. एकेकाची मुंडी पिरगाळते!"

मी गोणपाटासकट दारात आडवा उभा राहिलो. बोलता येत नव्हतं, म्हणून हात जोडले. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आली. तिनं सगळ्यांना लांब नेलं, शंभर पावलांवर, आणि शांतपणे विचारलं, "काका, सुरुवात कुणी केली?"

"म्हंजे?"

"एका पोपटानं बाकीच्यांना शिकवलंय. तो कोणता ते सांगा. तो असेपर्यंत कुणीच विसरणार नाही. त्याला वेगळा काढते. तो आता रानात जाण्याच्या लायकीचा नाही. दुसऱ्या शहरातल्या पक्षीघरात जाईल, तिथंच राहील कायमचा."

कायमचा. हा शब्द माझ्या कानात दगडासारखा पडला. मी पिंजऱ्याकडं बघितलं. राघू तिसऱ्या फांदीवर होता. बोट दाखवलं असतं तर गल्ली सुटली असती, तेहेतीस पोपट सुटले असते. आणि राघू लांब कुठल्यातरी लोखंडी पिंजऱ्यात, जिथं माझी पिशवी पोचत नाय.

"मॅडम," मी म्हणालो, "सगळ्यांनी एकदमच सुरुवात केली."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. मला कळलं होतं की तिला कळलंय. पण ती म्हणाली, "ठीक आहे. मग सगळ्यांनाच विसरायला लावू. पण त्याला एकच उपाय आहे. त्यांच्या कानावर माणसाचा आवाज पडता कामा नये. तुमचाच नाही, अख्ख्या गल्लीचा."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि काय चमत्कार, कडूबाईच पहिली म्हणाली, "किती दिवस?"

"दोन महिने. जास्तही लागतील."

"पोपट गप होणार असतील तर मी चार महिने गप बसते," कडूबाई म्हणाली, आणि तिनं तिथंच तोंडावर पदर घेतला.

आता यापुढचं तुम्हाला बिलकुल खरं वाटणार नाय. आमची गल्ली मुकी झाली! भाजीवाला हातगाडी घेऊन यायचा, तोंड मिटलेलं, एका हातात वांगं उंच धरलेलं. म्हंजे आज वांगी आहेत. टँकर आला की कडूबाई ओढणीचा लाल झेंडा करून गच्चीवर उभी राहायची, आणि बाया अनवाणी धावायच्या, हंडा हंड्याला लागू नये म्हणून मधी चिंध्या घातलेल्या. जावाजावांची भांडणं खुणांनी चालायची. एकीनं कंबरेवर हात ठेवायचे, दुसरीनं नाकावर बोट घासायचं, आणि बघणाऱ्यानं मधी पडायचं तर कुणाची चूक तेच कळायचं नाय. एकदा दोघी तासभर भांडल्या, शेवटी दोघींनी एकमेकींची क्षमा मागितली, आणि कशाबद्दल ते दोघींनाही सांगता येईना. एक वरात आली. बँडवाले गाल फुगवून, बोटं नाचवून आवाजाबिगर वाजवत गेले, आणि पोरं त्याच तालावर नाचत गेली.

सखाराम म्हणाला, "सांडू, वरातीचं जरा जास्त झालं."

बरं, वरात दुसऱ्या गल्लीनं नेली असंल. पण घराघरात आवाज बंद होता, हे खरं. लक्ष्मीबाई, आहे का नाय?

"व्हय," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं तेवढेच दोन महिने कानाला सुख मिळालं."

ऐकलंत? साक्ष मिळाली.

पहिला आठवडा पोपट ओरडत होतेच. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कोडं पडलं. टँकर आला म्हणावं तर कुणी पळत नाय, कुणी चिडत नाय, कुणी शिवी देत नाय. बोलून उपयोग काय? हळूहळू एकेक गप होत गेला. खोकणारा थांबला. मोबाइल थांबला. कुकरवाला लई दिवस टिकला, तीनाच्या दोन शिट्ट्या झाल्या, दोनाची एक झाली, आणि एक दिवस नुसती वाफ गेल्यासारखी फुस्स. पोपट पोपटासारखे कर्कश्श ओरडायला लागले. निंबोळ्या खायला लागले. कापलेले पंख झडून नवे आले, आणि ते साठ फूट लांब पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत असे जायचे, की जाळी हिरवी व्हायची आणि पुन्हा कोरी व्हायची.

राघू शेवटपर्यंत बोलत होता. मी गोणपाट घालून आत गेलो की हळूच, "आला का रं." पुढं नुसतं, "आला." मग एक दिवस मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं, चोच उघडली आणि मिटली. दुसऱ्या दिवशी चोचही उघडली नाय.

त्या दिवशी मी दाणा ठेवून उभा राहिलो आणि वर बघितलं. एक, दोन, दहा, चौतीस. सगळे हिरवे. सगळ्यांच्या चोची लाल. आधी मी राघूला आखूड शेपटीवरून ओळखायचो. तीही आता बाकीच्यांसारखी लांब झाली होती. कंठ म्हणावा तर अर्ध्यांच्या गळ्यात होता. तिसरी फांदी म्हणावी तर तिथं रोज नवा बसायचा. मी टपरीवर सांगत आलो होतो, की हजारात माझा राघू ओळखीन. आणि इथं चौतीसच होते, सखाराम. मला ओळखता येईना. हा म्हणावा तर तो वाटायचा. तो म्हणावा तर तिसरा मान वाकडी करायचा. माझ्या हातानं मी त्याला इतका बरा केला, की तो त्यांच्यात हरवला.

आता पिशवीत घालणार कुणाला?

रोज मी हाच विचार करत बसायचो. एक उपाय होता. त्याला हाक मारायची. तो ओ देणार, आणि ओ देईल तो माझा. पण मी बोललो आणि एकजण बोलला तर बाकीचे पुन्हा बोलणार, आणि दोन महिन्यांची मुकी गल्ली, कडूबाईचा पदर, सगळं मातीत. असं वाटायचं, हाक मारू नये. आणि तोंड उघडंच राहायचं.

त्या साली पाऊस बरा झाला. पोळा झाला, बाजरीला कणसं धरली, आणि पोपट न्यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई लांब झाडाखाली कागद भरत बसली होती. मी आत गेलो, दार लावलं आणि डोक्यावरून गोणपाट काढलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी माझं तोंड दाखवलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एकेकाच्या डोळ्यात बघितलं. आणि माझ्याच्यानं राहवलं नाय. मी आवाज न काढता, नुसत्या श्वासानं म्हणालो, "आलो रं, राघू."

चौतीसच्या चौतीस पाखरं एका झटक्यात उडाली, लांबच्या टोकाला जाळीला चिकटली आणि किंचाळायला लागली. मला बघून. माझा राघू त्यातच होता.

तिकडून डॉक्टरीणबाई उठून उभी राहिली. तिला वाटलं, मी मुद्दाम परीक्षा घेतली. तिनं दोन्ही हात उंच करून आवाज न करता टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर म्हणाली, "काका, सगळे पास झाले! माणसाचं तोंड बघून एकसुद्धा जवळ आला नाही. तुम्ही कमाल केलीत."

मी म्हणालो, "व्हय मॅडम." दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पिशोरकडच्या डोंगरात गेलो. तिकडं उंबर आहेत, ओढ्याला पाणी होतं, ढोल्यांची झाडं होती. विश्वजित जीप चालवत होता. पिशोर लक्ष्मीबाईचं माहेर, म्हणून तीही बरोबर आली. पोपटांना तिथं आधीच नेऊन आठ दिवस मोठ्या जाळीत ठेवायचं, जागेची सवय झाली की दार उघडायचं, असं ठरलं होतं. आठ दिवस आम्ही तिच्या भावाकडं राहिलो. मी तोंडातून चकार शब्द काढला नाय.

"हे मातर खरं," लक्ष्मीबाई म्हणाली. तिचं सूप थांबलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी दार उघडायचं. दाराला लांब दोरी बांधलेली. झुडपामागं लपून ओढायची, म्हंजे माणूस दिसत नाय. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, दोरी तुम्हीच ओढायची. हा मान तुमचा."

मी दोरी हातात घेतली. सगळं रान शांत झालं. मी दोरी ओढली, दार वर गेलं, आणि तेहेतीस पोपट एका रेघेत आभाळात गेले. तेहेतीस, नीट ऐका. एक मागं राहिला. तो फांदीवरून खाली उतरला, पायी पायी चालत दारापर्यंत आला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि उडून थेट झुडपामागं, माझ्या खांद्यावर! डॉक्टरीणबाई बघत राहिली. विश्वजितनं पुन्हा टोपी काढली. राघूनं माझ्या कानाला चोच लावली आणि म्हणाला, "सांडू, काळजी करू नको." असं स्पष्ट! मी म्हणालो, "जा राजा, तुझं रान आलं." तरी जाईना. तीन वेळा म्हणालो. चौथ्यांदा त्यानं माझ्या डोक्यावरून एक गोल चक्कर मारली, सलाम केल्यासारखी मान लववली आणि मग गेला.

सखाराम म्हणाला, "मग पिशवीत का नाय घातलास?"

पिशवी होती रे खांद्याला. पण खांद्यावर स्वतःहून येऊन बसलेल्याला पिशवीत घालायचं? एवढा हलकट नाय मी. आणि त्यानं उपकार फेडले. आजही दर मंगळवारी तो पिशोरहून उडत येतो, साठ-सत्तर किलोमीटर, आणि समोरच्या लिंबावर बसून मला—

लक्ष्मीबाईनं सूप खाली ठेवलं.

"खोटं," ती म्हणाली. "सखाराम भावजी, दोरी मी ओढली. ह्यांनी हातात घेतली आन् माझ्याकडं दिली. म्हणले, तू ओढ, माझ्यानं हाक मारल्याबिगर राहवायचं नाय. आन् जीपमधी जाऊन काचा वर करून बसले, तोंड पंच्यात घालून. मी मोजलेत. चौतीस गेले. एकबी थांबला नाय."